पेंटरच्या हाताचा विमा

३ फेब्रुवारी

छत्री आला होता. नवऱ्याचा शाळेतला मित्र, विमा विकतो, म्हणून छत्री! मोठं आजारपण येऊन काम बंद पडलं तर घरभाडं, वीज, किराणा — सगळ्याचे पैसे दर महिन्याला कंपनी देणार म्हणे. मी कधी नव्हे ते त्याला दुसरा चहा विचारला.

सासूबाई आतून ओरडल्या, "आजारपण विकत कशाला घेताय? फुकट मिळतं की!"

५ फेब्रुवारी

दोन प्रकार आहेत. स्वस्तातला — फक्त यादीतले मोठे आजार. महागातला — कुठल्याही दुखण्याने काम थांबलं तरी पैसे. नवरा यादी मेनूकार्डासारखी वाचत बसला. "किडनी नको. हार्ट घेऊ. चारचौघांत सांगायला बरं."

मला महागातलाच हवाय. का, ते त्याला सांगता येत नाही.

९ फेब्रुवारी

इथे सांगते. त्याचा उजवा हात थरथरतो. दुकानांचे बोर्ड रंगवणाऱ्याचा हात! डॉक्टरकडे चल म्हटलं की, "चहा जास्त झालाय गं."

आज औषधवाल्याच्या बोर्डावरची रेघ अशी गेली होती, जणू दुकानात भूकंप झालाय. हा जेवून आडवा झाला आणि मी ब्रश उचलला. लग्नाआधी शाळांचे नकाशे रंगवायचे — हात विसरला नव्हता. उठल्यावर बोर्डाकडे बघून म्हणाला, "जमलाय!"

"मग! हात कोणाचा आहे!" मी म्हटलं. तोंड वळवूनच.

१४ फेब्रुवारी

चष्मेवाल्याचा बोर्ड. पुन्हा त्याची झोप, पुन्हा माझा ब्रश.

१९ फेब्रुवारी

बेकरीचा. त्याने वरची ओळ काढली आणि "पाठ धरली" म्हणून झोपायला गेला. बाकी सगळा मी. हल्ली फार झोपतो.

२२ फेब्रुवारी

छत्रीला जिन्यात गाठलं. "एखाद्याचा हात आधीपासूनच थरथरत असेल तर?"

"आधीचं दुखणं कंपनी धरत नाही, वहिनी. लपवलं आणि नंतर उघड झालं, तर पॉलिसीच रद्द. का हो, कोणाचा हात?"

"शेजारणीचा."

"शेजारीण पेंटर आहे?"

मेला! एरवी सरळ बेरीज येत नाही.

खरं सांगावं तर विमा नाही, वर त्याचा हात गेलाय हे त्याच्या तोंडावर बोलावं लागणार. खोटं सांगावं तर हप्ते भरा आणि ऐन वेळी ठेंगा. घर तर याच हातावर चालतंय.

२५ फेब्रुवारी

नवऱ्याने परस्पर छत्रीला उद्या बोलावलंय. "महागातलाच घेऊ," म्हणाला.

२६ फेब्रुवारी

छत्रीने पेन काढलं. "कमावत्या माणसाचं नाव?"

नवऱ्याने माझं सांगितलं. छत्री बघतच राहिला.

"बघतोस काय? लिही. बोर्ड ही रंगवते. मी शिडी धरतो."