पावसाच्या गणिताला मारलेल्या गाठी

बंगलोर, ता. ४ मार्च १९७६

चादरीचा माग सोडून पळालो म्हणून तुमी अजून मला बोल लावता, पण ह्या खेपेला मी बुडालो तो तुमच्याच शिकवणीनं, हे आधी लिहितो आणि मग धोंडीराममामा, तुमच्या पाया पडतो. (मामीचा गुडघा आता वळत असावा.)

आमचे हिरेमठसाहेब आपल्याकडच्या अक्कलकोटचे, म्हणून तर मला हितं ऑफिसात शिपाई ठेवून घेतलं. लई शिकलेला माणूस. बहात्तरचा दुष्काळ ऐकून अमेरिकेतली नोकरी सोडून आले. एका कॉम्प्युटरवर पावसाचं गणित मांडलं तर उत्तर येईस्तोवर पाऊस पडून जातो (आपल्याकडं पडतच न्हाय), म्हणून आठ यंत्रं एकाच गणिताला जुंपायची, हा त्यांचा ध्यास. चार वर्षं अर्ज केले, तेव्हा कुठं दिल्लीचे अधिकारी बघायला यायचं ठरलं. गणित चाललं तर पैसा मंजूर, आणि मीही कायम.

हे गणित पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोकं पाडून लिहितात, अगदी आपल्या चादरीच्या नक्षीसारखं. सहाशे पत्ते, आणि सगळे सुटे! एकदा पंख्यानं उडाले तर साहेब दोन दिवस फरशीवर बसून लावत होते. मला बघवेना. रविवारी ऑफिसात कुणी नव्हतं. तुमी जेकार्डच्या मागावर नक्षीचे पत्ते ओवायला शिकवलं तसे सगळे पत्ते क्रमानं दोऱ्यात ओवले. (सोयीचं भोक कुठंच नव्हतं, म्हणून दर पत्त्याला दोन दाभणानं पाडली.)

सोमवारी पाहुण्यांच्या गडबडीत ती चळत मीच यंत्रात चढवली. यंत्रानं तीन पत्ते गिळले आणि त्याला ठसकाच लागला. मग कळलं, एकेक भोक म्हणजे आकडा. मी पावसात बाराशे आकडे जादाचे घातले होते. दिल्लीवाले चहा पिऊन गेले. साहेबांनी माळ हातात घेतली.

"गाठ कुणी शिकवली रे?"

"मामानं."

"पक्की हाय की."

बास, एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर मला जेवण तरी गेलं असतं. संध्याकाळी मी गाठी सोडत बसलो, तर तेही शेजारी येऊन सोडू लागले. मे महिन्यात परत अमेरिकेला चाललेत. तिथं मागतील तेवढी यंत्रं मिळणार, पण तिथला पाऊस मोजायला.

असो. माझं झकास चाललंय.

तुमचा भाचा,
मानसिंग

ता. क. झकास चाललंय, हे आईला वाचून दाखवायला लिहिलंय. नोकरी गेली. कारखान्यात माझ्या मागावर दुसरा बसवलाय का, तेवढं मालकाला विचारा. का आलो ते सांगू नका.

आणखी एक. खराब पत्त्यांची किंमत कापून पगार हातात आला, त्यातनं गाडीभाडं ठेवून आईला मनीऑर्डर केली हाय. रुपये सात.