आखूड दस्त्याची रायफल

मी, नलिनी गंगाधर दिघे, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्वीचा व्यवसाय टायपिस्ट, हल्लीचा व्यवसाय स्वस्थ बसणे (जो मला जमत नाही), राहणार परळ, मुंबई, आज पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर लिहिण्यासाठी कोणाचा दबाव नाही. न लिहिण्यासाठी मात्र भरपूर होता, तो मी झुगारला आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. चिरंजीवांनी तो दोनदा वाचावा.

१. परळचा फ्लॅट माझ्या आणि माझे पती गंगाधर यांच्या नावावर आहे. त्यातला माझा अर्धा हिस्सा मुलगा निलेश याला मिळावा. पतींना मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. हे रागाने नाही. कारण कलम ६ मध्ये आहे.

२. बँकेतली ठेव आणि माझ्या पाटल्या नात नूपुर हिला. पाटल्या मोड, घाल, काय वाट्टेल ते कर गं. मला विचारायला येऊ नकोस म्हणजे झालं.

३. माझ्या नावच्या शस्त्रपरवान्यावर असलेली रायफल, बोअर थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह, हीसुद्धा नूपुरलाच. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण निलेशला ती नळी बुजवून हॉलच्या भिंतीवर लटकवायची आहे. 'मस्त दिसेल, आई.' माझी हरकत आहे.

लग्नाआधीपासून मी फोर्टातल्या एका बंदुकांच्या दुकानात टायपिस्ट होते. परवान्याचे कागद करायला गिऱ्हाइकं माझ्या टेबलाशी बसायची. मोठ्या शिकारीसाठी पहिली रायफल घ्यायला आलेला गडी मला दारातच कळायचा. दुकानातली सगळ्यात दांडगी रायफल त्याला हवी असायची, मित्रांना दाखवायला. मी टाइपरायटरवरून मान वर करून म्हणायची, "साहेब, डोळे मिटा. रिकामी खांद्याला लावा. आता उघडा. नळीच्या टोकावरची माशी डोळ्यासमोर आहे का? नाही? मग ही तुमची नव्हे." दांडग्या रायफलीचा धक्का एकदा खाल्ला की पुढच्या वेळी घोडा ओढताना डोळे आपोआप मिटतात आणि मग नुसती झाडं जखमी होतात. ऐकायचे थोडे. बाकीचे शेठना विचारायचे, "ही बाई कोण?"

ही रायफल दुकानात सहा वर्षं पडून होती. कोणा संस्थानिकाने राणीसाठी तिचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता आखूड करून घेतला होता, त्यामुळे ती कुठल्याच पुरुषाच्या खांद्याला नीट बसेना. एका शनिवारी दुकान आवरताना मी डोळे मिटून ती उचलली. उघडले तर माशी बरोब्बर समोर. शेठना म्हटलं, "ही मी घेणार." ते हसले नाहीत, म्हणून त्यांना मी आजही मानते. परवान्यासाठी पोलिसांकडे चपला झिजवल्या. तिथे मात्र सगळे हसले. त्यानंतर प्रत्येक निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागल्यावर सोडवून आणायची, हे काम मी स्वतः केलं आहे. निलेशला तिच्या कुलपाची किल्ली कुठे असते तेही ठाऊक नाही.

नूपुर रेंजवर नेमबाजी शिकते. तिचा हात माझ्याच मापाचा आहे, मी बघितलंय. तिने स्वतःचा परवाना काढावा. तो मिळेपर्यंत रायफल परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवावी. निशाणं कागदाचीच मारायची, जनावर नाही.

४. हॉलमधली गव्याची शिंगं. ही मला कोणाला देता येत नाहीत, कारण सरकारी दाखल्यावर ती पतींची आहेत. शिंगांखाली पितळी पाटी आहे: 'शिकारी: गंगाधर वामन दिघे, १९७२'. ही पाटी खोटी आहे. तो गवा मी मारला.

आमच्या लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते. सावंतवाडीच्या वरच्या रानात एका गव्याने दोन माणसांना शिंगावर घेतलं होतं, त्याला मारायचा परवाना निघाला होता. यांच्या ओळखीने तो यांच्या नावावर मिळाला. मी सांगत होते, हलकी रायफल घ्या. नाही! शेठकडून सगळ्यात दांडगी मागून आणली. सकाळी गवा समोर आला, यांनी डोळे मिटून बार काढला, एक बांबू आडवा झाला आणि गवा आमच्याकडे वळला. हे रायफल टाकून आंब्यावर चढले. वरून ओरडले, "नलू, पळ!" मी पळाले नाही. खरं सांगायचं तर पळायला वेळच नव्हता. बरोबर आणलेल्या माझ्या आखूड रायफलीने दोन गोळ्या झाडल्या. चौदा पावलांवर तो पडला.

गावकरी आले तेव्हा हे खाली उतरले होते. फोटोत माझी रायफल यांच्या हातात आहे आणि माझ्या हातात थर्मास आहे. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसाने मारला म्हणून सांगितलंस तर लोक माझ्या पोराला काय म्हणतील?" मी गप्प बसले. ती चूक माझी, ती मी दुसऱ्या कोणाच्या नावावर करत नाही.

पण गेल्या वर्षी दादरच्या हॉलमध्ये यांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. निलेशने माइक घेतला आणि गव्याची गोष्ट रंगवून सांगितली. शेवटी म्हणाला, "आणि आई बिचारी भीतीने जीपमध्ये डोळे मिटून बसली होती!" दोनशे माणसं हसली. हेही हसले. बाकीच्यांचं सोडा, यांचं हसणं मला लागलं. टॅक्सीत मी विचारलं, "अहो, मी जीपमध्ये होते?" तर म्हणाले, "जाऊ दे ना नलू, आता कशाला उकरतेस."

जाऊ देणार नाही. शिकार बंद झाली हे उत्तम झालं आणि त्या जनावराची मला आजही हळहळ वाटते. पण ती हळहळ माझी आहे. ज्याने मारलंच नाही त्याने पन्नास वर्षं मिशीवर ताव मारायचा आणि जिने मारलं तिने थर्मास धरायचा, हे बास झालं.

५. माझ्या तेराव्याला निलेशच्या हातात माइक देऊ नये.

६. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकिलांनी सांगितलं. म्हणून पतींना काही दिलं नाही. साक्षीदाराने फक्त सही करायची असते, मजकूर वाचायची गरज नसते, असंही ते म्हणाले. माझी गरज आहे. यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं आणि मगच सही करावी. पाटी बदलणं माझ्या हातात नाही, यांच्या हातात आहे. सही केली नाही तरी मी दुसरा साक्षीदार आणीन, मृत्युपत्र काही अडत नाही. पण मग मला कळेल, मी कोणाबरोबर संसार केला ते.

अहो, वाचताय ना?

ठिकाण: परळ, मुंबई
दिनांक: ९ डिसेंबर २०२५

सही: नलिनी गंगाधर दिघे

साक्षीदार १: डॉ. वैदेही कर्णिक. नलिनीबाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत.

साक्षीदार २ (स्वहस्ते): हिने माझ्यासमोर सही केली. मजकूर पूर्ण वाचला. दोन दुरुस्त्या आहेत. झाड आंब्याचं नव्हतं, जांभळीचं होतं. वर मी होतो, मला माहीत आहे. आणि अंतर चौदा पावलं नव्हतं. खाली उतरल्यावर मी मोजलं होतं. नऊ पावलं होतं. बाकी सर्व खरं आहे.

सही: गंगाधर वामन दिघे