वाळवी लागली आहे, उघडू नये

सोलापूर,
७ जानेवारी २०२५

ती. स्व. मामांना,
चेतनाचा शि. सा. न. वि. वि.

फोन करत नाही याचा राग नसावा. मागच्या खेपेला मी फोनवर तुमची तब्येत विचारली, तुम्ही मला कांद्याचा भाव सांगितलात, आणि माझ्या ओरडण्यानं वाचनकक्षात वाचत बसलेली एकुलती एक मुलगी उठून गेली. त्यापेक्षा पत्र बरं. शिवाय पत्राला आता वाहन मिळालंय, तीच बातमी सांगायला बसले आहे.

मामा, आमची पिशवी सुरू झाली. सोलापूर, होटगी, जेऊर आणि तुमचं नातेपुते, अशा चार कॉलेजांच्या ग्रंथालयांची आता एकच यादी. आपल्याकडे नसेल ते पुस्तक दुसऱ्याकडून मागवायचं; मंगळवारी आणि शुक्रवारी एसटीच्या पार्सलनं पिशवी जाणार-येणार. एकच महागडं पुस्तक चौघांनी चारदा घ्यायचं आणि चार ठिकाणी धुळीत ठेवायचं, हे बंद. पिशव्या चादरींच्या कारखान्यात उरलेल्या काठांच्या शिवल्यात. मागणीच्या चिठ्ठ्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. आमचे प्राचार्य महेश्वर सर यांनी गेल्या वर्षी हरित महाविद्यालय साजरं केलं ते फाटकापाशी प्लॅस्टिकचं गवत अंथरून, म्हणून या कामी त्यांचा सल्ला घेतला नाही.

त्यांना वाचनकक्षाच्या जागी मागे कलणाऱ्या खुर्च्यांचं स्मार्ट सभागृह हवंय. पोरं इथं फोन चार्ज करायलाच येतात, असं ते म्हणतात. खरंच आहे. म्हणून मी चार्जिंगचा बोर्ड उचलून भूगोलाच्या कपाटापाशी बसवून घेतला. आता फोन भरेपर्यंत पोरं उभ्या उभ्या काहीतरी चाळतात. पण सरांनी अट घातलीय. २० फेब्रुवारीला मूल्यांकन समिती येणार आहे. तोवर एका तरी विद्यार्थ्यानं अख्खा प्रकल्प पिशवीतल्या पुस्तकांवर करून दाखवायचा. नाही जमलं तर वाचनकक्ष रिकामा आणि पुस्तकं जिन्याखालच्या कोठीत.

तुम्ही निवृत्त होऊनही तिथली जागा कोणी भरली नाही आणि सहा वर्षं मानधनावर तुम्हीच किल्ल्या सांभाळताय, हे माझं भाग्य. पहिली पिशवी भरून पाठवा. मामींना नमस्कार.

लोभ आहेच, तोही पिशवीत घालून पाठवावा.
तुमची
चेतना

*

नातेपुते,
१० जानेवारी २०२५

चि. सौ. चेतनास,
गंगाधरमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचले. पिशवी सुरेख आहे. तुझ्या मामीने ती पाहताक्षणी भाजीसाठी मागितली, मोठ्या कष्टाने सोडवून घेतली.

चौतीस वर्षांत माझ्या ग्रंथालयातले एकही पुस्तक हरवले नाही, हे तुला ठाऊक आहे. त्याचे कारणही ठाऊक असेल. तालुक्याची हद्द ओलांडलेले पुस्तक परत येत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणजे अनुभव नाही, कारण ओलांडू दिलेच नाही. पण खात्री आहे. तरी तू भाची आहेस आणि लहानपणापासून हट्टी आहेस, म्हणून तीन पुस्तके पाठवतो. १९९८ सालचे संगणक-प्रवेश, मधमाशीपालन, आणि पत्रलेखनाचे एक मार्गदर्शक. शेवटचे तुझ्या महेश्वर सरांना दे, तुझ्या बदलीचे पत्र लिहायला त्यांना उपयोगी पडेल.

वेळेत परत कर म्हणजे लोभ वाढेल.
तुझा
गंगाधरमामा

*

सोलापूर,
२१ जानेवारी २०२५

ती. स्व. मामांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमची तिन्ही पुस्तकं गेली. खरंच गेली मामा, लोकांनी नेली. मधमाशा जेऊरला आहेत, आणि १९९८चा संगणक आमची पोरं पुराणवस्तू म्हणून हसत हसत वाचताहेत. आमचा शिपाई चनबसप्पा, तुम्ही ओळखता, अक्कलकोटकडचा, आजवर त्याचं एकच पालुपद होतं, की पुस्तकं लई झाली आन् वाचणारं कुणी न्हाय. आता तो पिशवीच्या वेळी एसटी स्टँडवर अर्धा तास आधी जाऊन उभा राहतो. जावई येणार असल्यासारखा.

आणि प्रकल्पवाली मुलगी सापडली. पायल नाव, भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला. फोन वीस टक्के होईपर्यंत वाचू म्हणून उभी राहिली आणि फोन तिथंच विसरून गेली. माळशिरस तालुक्यातल्या जुन्या विहिरींचा ती नकाशा करतेय. कुठल्या बुजल्या, कुठल्या अजून पाणी धरतात. तिला हवं आहे ते एका शाळामास्तरांनी गावोगाव पायी फिरून, हातानं नकाशे काढून केलेलं विहिरींचं पुस्तक. चारही कॉलेजांत मिळून एकच प्रत, तुमच्या दाखल-नोंदवहीत.

मला ते आठवतंय. मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही मला टेबलाखाली बसवून शिक्के मारायला द्यायचात. प्रत्येक पुस्तकाच्या एकेचाळिसाव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात. ते आपलं गुप्त पान, जगात कोणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होतीत. त्या पुस्तकावरचा शिक्का मी उलटा मारला होता.

शुक्रवारच्या पिशवीत पाठवाच. पायल जेवेनाशी झालीय, आणि खरं सांगायचं तर मीही.

लोभ उलट्या शिक्क्यासह तसाच ठेवावा.
तुमची
चेतना

*

नातेपुते,
२४ जानेवारी २०२५

चि. सौ. चेतनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

विहिरींचे पुस्तक देता येत नाही. खिडकीकडच्या कोपऱ्यात एक लाकडी कपाट आहे, त्यात ते आहे. त्या कपाटाला सत्तावीस वर्षांपासून वाळवी आहे. तशी पाटीही लावलेली आहे: वाळवी लागली आहे, उघडू नये. मुलीला दुसरा विषय सुचव. पूल, रस्ते, पुष्कळ आहे.

तुझ्या मामीचा गुडघा बरा आहे. यंदा हुरडा चांगला झाला, येऊन जा. कपाटाचा विषय इथे संपला.

तुझा
गंगाधरमामा

*

सोलापूर,
३१ जानेवारी २०२५

ती. स्व. मामांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून माझ्या अंगावर काटा आला. सत्तावीस वर्षांची वाळवी, आणि त्याच खोलीतून माझ्या पिशव्या भरल्या जातात. म्हणजे वाळवीला मीच एसटीचा पास काढून दिला की. चार कॉलेजांच्या कपाटांची जबाबदारी माझ्यावर आहे, म्हणून गप्प बसणं शक्य नव्हतं. तुमच्या प्राचार्य राजनंदिनी मॅडमना मी त्याच दिवशी सविस्तर कळवलं: ते कपाट तात्काळ रिकामं करावं, आतलं सगळं निकालात काढावं आणि खोलीत औषध मारावं. बाई फार कर्तबगार. उलट टपाली होकार आला. या आठवड्यात करून टाकते म्हणाल्या. तुम्हाला तुमच्या वयात त्या कपाटाचा ताप नको, म्हणून परस्पर केलं.

पायलला सांगितलं. ती नकाशाची गुंडाळी करून निघून गेली. वीस दिवस उरलेत. महेश्वर सर काल वाचनकक्षात टेप घेऊन आले होते. खुर्च्या किती बसतील ते मोजत होते. मी टेपचं दुसरं टोक धरलं. एवढं सौजन्य मला तुमच्याकडूनच आलंय.

लोभ असावा, वाळवी नसावी.
तुमची
चेतना

*

नातेपुते,
६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. चेतनास,
आशीर्वाद.

उद्याच्या पिशवीची वाट पाहण्याइतका धीर नाही. ओळखीच्या कंडक्टरच्या हाती हे देतो आहे. फोनवर तू काय म्हणतेस ते मला ऐकू आले नसते, आणि मला जे सांगायचे आहे ते ओरडून सांगण्यासारखे नाही.

कपाटात वाळवी नव्हती. कधीच नव्हती. पाटी मीच रंगवली.

सत्तावीस वर्षांपूर्वी एका प्राध्यापकाने इतिहासाच्या पुस्तकातला नकाशा ब्लेडने कापून नेला. त्या दिवशी मी दहा पुस्तके त्या कपाटात ठेवली. मग पन्नास झाली. जे पुस्तक मला चांगले वाटले ते मी आजारी पाडले. पडताळणीला आलेले लोक पाटी वाचून चार हात लांबूनच सही करत. एकूण एकशे अठ्ठ्याऐंशी पुस्तके. सगळी धडधाकट.

तुझे पत्र पिशवीतच राहिले, आज उघडले. काल पंढरपूरला डोळे दाखवायला गेलो होतो. आज येऊन पाहतो तर कपाट सताड उघडे, आत औषधाचा वास. मॅडमनी जुनी ब्याद गेली म्हणून मला पेढा दिला. मी तो खाल्ला. पुस्तके रद्दीवाल्याच्या टेम्पोतून काल दुपारी गेली. त्याचे गोदाम होटगी स्टेशनजवळ आहे एवढे कळले. तिथून माल कागदाच्या गिरणीत जातो.

तुझ्यावर राग नाही. तू नियमाने वागलीस, आणि नियम मीच शिकवले होते. काही करता आले तर बघ.

गंगाधर

*

सोलापूर,
११ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मामांना,
शि. सा. न. वि. वि.

आधी निकाल सांगते, मग रागावते. एकशे एक्क्याऐंशी पुस्तकं मिळाली. विहिरी त्यात आहेत.

तुमचं पत्र संध्याकाळी पोचलं. मी तेव्हाच होटगीच्या ग्रंथपाल वैदेहीला फोन लावला. त्या माउलीनं, ही पुस्तकं कशी वाचवायची यापलीकडे एक प्रश्न विचारला नाही. सकाळी आठला ती पाच विद्यार्थ्यांना घेऊन गोदामावर हजर. मी, पायल आणि चनबसप्पा पाठोपाठ पोचलो. आणि मामा, काय पाहिलं? रद्दीवाल्यानं पुठ्ठे वेगळे आणि पानं वेगळी करायला घेतली होती. पुठ्ठ्यांबरोबर पहिली पानं गेली, त्यांवरचे कॉलेजचे शिक्केही गेले. जिल्ह्यातल्या निम्म्या शाळांची रद्दी त्या ढिगात. माणूस वाईट नव्हता. त्यानं एवढंच म्हटलं, की यातली तुमची कुठली ते दाखवा आणि न्या, मला काय कागदाचं वजन भरून पायजे.

तेव्हा मी शपथ मोडली. एकेचाळिसावं पान, खालचा कोपरा, असं गोदामभर ओरडून सांगितलं. तुमचं चौतीस वर्षांचं गुपित आता अख्ख्या होटगीला ठाऊक आहे. दिवसभर आम्ही नऊ जण पोत्यांवर बसून एकेचाळिसावं पान उघडत होतो. शिक्का दिसला की पोरं आरोळी ठोकायची. शेवटी शेवटी रद्दीवालाही आमच्यात बसला; त्यानं अकरा शोधली. सात मिळाली नाहीत. त्यातल्या काही बत्तीस पानी पुस्तिका असणार. त्यांची ओळख कशी पटवायची? विहिरींचं पुस्तक चनबसप्पाला सापडलं. शिक्का उलटा होता, म्हणून तो ते बाजूला टाकणार होता. मी झडप घातली.

वजन भरून दिलं ते महेश्वर सरांचा फोटो असलेल्या गेल्या वर्षीच्या शिल्लक माहितीपत्रकांनी. पोती नेताना सरांनी विचारलं, तर मी सांगितलं की पुनर्वापर. ते खूश झाले. उघड्या पडलेल्या पुस्तकांना पोरं आता चादरीच्या काठांची वेष्टनं शिवताहेत. पायल तीन दिवस घरी फक्त झोपायला गेली.

आता रागावते. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तुम्ही लावलेली, पुस्तक नेल्याच्या तारखांची चिठ्ठी होती. सुबक, सरळ रेघा मारलेली. आणि कोरी. मामा, ब्लेडवाल्यानं एक नकाशा नेला. तुम्ही एकशे अठ्ठ्याऐंशी पुस्तकं नेलीत. एवढंच.

लोभ आहे, म्हणून तर लिहिलं.
तुमची
चेतना

*

सोलापूर,
२१ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मामांना,
शि. सा. न. वि. वि.

दहा दिवस तुमचं पत्र नाही. पिशवी येते, पुस्तकं असतात, चिठ्ठी नसते. मी जास्त बोलले असेन; पण परत घ्यावं असं काही सापडलं नाही.

काल समिती आली. महेश्वर सरांनी त्यांना प्लॅस्टिकच्या गवतावरून आणलं. पायलनं भिंतभर नकाशा लावला होता: त्रेसष्ट विहिरी, त्यांतल्या एकोणीस बुजलेल्या, पाच कचऱ्याखाली असून साफ करता येण्याजोग्या. समितीतल्या एक बाई तिच्याशी पाऊण तास बोलत होत्या. शेवटी त्यांनी चादर पांघरलेलं पुस्तक उचललं आणि हे महिनाभर नेता येईल का असं विचारलं. पायलनं त्यांना सांगितलं, की तुमच्या आधी चार जण आहेत, तुमचं नाव पाचवं लिहिते. समितीच्या तोंडावर, मामा. मला तिथंच फुगडी घालावीशी वाटली.

निघताना अध्यक्षांनी पिशवीची कल्पना कोणाची असं विचारलं. महेश्वर सर म्हणाले, आमची पहिल्यापासून हीच भूमिका आहे. मी मान डोलावली. वाचनकक्ष राहिला. मागे कलणाऱ्या खुर्च्यांपैकी एक तेवढी येतेय, सरांच्या केबिनमध्ये.

रागावला असाल तर रागाचं पत्र पाठवा, पण पाठवा.
तुमची
चेतना

*

नातेपुते,
२५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. चेतनास,
गंगाधरमामाचे अनेकानेक आशीर्वाद. वि. वि.

रागावलो नव्हतो. कामात होतो. राजनंदिनी मॅडमना सगळे खरे सांगितले. त्यांनी दुसरा पेढा दिला नाही. बाई न्यायी आहेत.

कपाट धुऊन, उन्हात वाळवून दाराशी आणले. कुलूप काढून तुझ्या पिशव्यांतून परत आलेली पुस्तके आत लावली. पाटी फेकवेना, म्हणून उलटी करून मागच्या बाजूला लिहिले: उघडे आहे, न्यावे. पहिले दोन दिवस कोणी हात लावला नाही. सत्तावीस वर्षांची सवय, मुले लांबूनच जात. परवा एका मुलाने धीर केला. काल संध्याकाळपर्यंत चौदा पुस्तके गेली. कुठे गेली ते लिहून ठेवले आहे. झोप लागली.

कोऱ्या चिठ्ठ्यांबद्दल तू लिहिलेस ते मी तीनदा वाचले. आणखी एक गोष्ट तुला ठाऊक नाही. ते विहिरींचे पुस्तक मीही वाचलेले नाही. सत्तावीस वर्षे हाताशी होते. किल्ली खिशात आहे, कधीही वाचता येईल, असे वाटत राहिले.

सोबत प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर रीतसर मागणीची चिठ्ठी जोडली आहे. समितीच्या बाईंनंतर माझे नाव लिही. सहावे. ओळखीने वर सरकवू नकोस, मी थांबतो. पायलला मात्र सांग, वेळेत परत कर. पाच जण वाट पाहत आहेत आणि सहाव्याचे डोळे फार दिवस टिकणारे नाहीत.

लोभ असावा. तो देवघेवीतला नव्हे, परत करू नये.
तुझा
गंगाधरमामा