शुक्रवारच्या बरण्या

प्रिय घड्याळबाई,

निवृत्तीनंतर तू सकाळी आठपर्यंत झोपतेस, असं कानावर आलं. विश्वास बसेना. शुक्रवारी संध्याकाळी ऑपरेशनमधून आलेल्या गाठींसाठी जी बाई शनिवारी, भर सुट्टीत, सातला लॅबचं कुलूप उघडायची, तीच का ही? फॉर्मालिनमध्ये बुडालेला तुकडा सोमवारपर्यंत काय पळून जातोय, असं सगळे हसायचे. पळत नाही, आतून झिजतो, म्हणायचीस, आणि एकटीच तुकडे काढून ते मेणात मुरवणाऱ्या मशीनला लावायचीस. सगळ्यात जास्त हसले मी. रिपोर्ट टंकणाऱ्या या बाईजवळ संस्कृतची पदवी रिकामीच पडून होती, म्हणून तुझ्या शनिवारांवर अनुष्टुभात श्लोक रचला. त्यात एक अक्षर जास्त झालं होतं, तेही तूच मोजून दाखवलंस.

तर बातमी अशी. तुझ्या जागी आलेली मुलगी सध्या कॅन्सरच्या गाठींचे जुने मेणाचे ठोकळे बाहेर काढते आहे. त्यांचे पातळ पापुद्रे कापून, गाठीत कुठलं जनुक किती जोरात काम करत होतं ते मोजतात. जनुकांचे निरोप मेणात तुटून जातात. कसर लागलेल्या पोथीसारखी इथली दोन अक्षरं, तिथली चार जुळवून वाचायचं. हे मला लगेच समजलं, आमचा धंदाच तो. तू रजेवर असतानाचे शुक्रवारचे ठोकळे बहुतेक वाचताच आले नाहीत. तुझे सगळे लागले. मुलीनं विचारलं, या बाई होत्या तरी कशा? म्हटलं, छळ होता नुसता.

आता खरं सांगते. पाच वर्षांपूर्वी मी महिनाभर बहिणीकडे गेले होते ना? मला बहीण नाही. अक्षरं मोजणाऱ्या बाईच्या हे लक्षात कसं आलं नाही, कोण जाणे. त्या महिन्यातल्या एका शुक्रवारी माझ्या स्तनातली गाठ काढली. तुझ्या टेबलावर ती नुसता नंबर होऊन आली. तेव्हापासून रोज एक गोळी, सगळे सांधे बोलके करणारी. ती थांबवायची की आणखी पाच वर्षं घ्यायची, हे त्या गाठीच्या एका ठोकळ्यावर अडलं होतं. काल निकाल आला. धोका कमी, गोळी बंद. आज जिना न कण्हता उतरायचा प्रयत्न केला. अजून जमत नाही, पण उत्साह दांडगा आहे. त्या शनिवारी तू आठपर्यंत झोपली असतीस, तर वाचायला काही उरलं नसतं.

श्लोकातलं जास्तीचं अक्षर काढून तो सोबत पाठवते आहे. उठलीस की मोजून बघ.

तुझीच, बिनबहिणीची
पंडितीण