गाव मिरचीला गेलं तेव्हा

१२ फेब्रुवारी
गेले सगळे. सकाळी मेटाडोर आला. बायामाणसं, गाठोडी, भांडीकुंडी, सगळं चढलं आणि टोला रिकामा झाला. तेलंगणात मिरची तोडायले. माझा नवरा प्रवीण मागच्या फळीवर बसून हात हलवून राह्यला होता. सासू म्हणाली, "पाडव्यापर्यंत येतो आमी. सांभाळून राह्य." बाळ पाडव्याची वाट पाहील का, हे कोणी नाई विचारलं.

पहिलं बाळंतपण माहेरी होते. पण माझी आई पण मिरचीतच आहे. माहेरी कुलूप. आज खूप रडली मी.

१३ फेब्रुवारी
घरात मी आणि भासरे. म्हणजे प्रवीणचे मोठे भाऊ, पत्रूभाऊ. मिरचीच्या धुळीनं त्यांना दमा चढते, म्हणून राह्यले. लग्न केलंच नाई त्यांनी. आमच्यात भासऱ्यासमोर सुनेनं पदर खाली ओढायचा, बोलायचं नाई, अंगाला अंग लागू द्यायचं नाई. चुकून लागलं तर दोघांनी डोक्यावरून आंघोळ करायची. दोन वर्षं झाली लग्नाला, त्यांचं तोंड मी नीट पाह्यलं नाई. आणि आता घरात आम्ही दोघंच. वा!

१७ फेब्रुवारी
भासरे बकरीशी बोलतात. "बकरे, पाणी भरून ठेवलं." "बकरे, मी वावरात चाललो, भात झाकून ठेवा म्हणा." आज मी पण बकरीलेच सांगितलं, तेल संपलं. संध्याकाळी तेल आलं. बकरी हुशार आहे आमची.

२१ फेब्रुवारी
फोनले रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, उंच बांधावर. चढताना धाप लागते. प्रवीण म्हणे, "काऊन रडतेस? काई लागलं तं दादा आहे ना." दादा आहे! मी म्हटलं, तुझा दादा मले हात लावत नाई, मी त्याले हाक मारत नाई, मग कसा आहे? तर म्हणे, "मंग आशाताईले सांग." कट केला मी फोन.

२४ फेब्रुवारी
दवाखान्याची आशाताई येऊन गेली, रीनाताई नाव तिचं. पोट पाह्यलं, गोळ्या दिल्या. "कळा आल्या की फोन कर, लगेच गाडी पाठवते." कळा आल्यावर पाळीवर चढू का ताई? ती हसली. मी नाई हसली.

१ मार्च
सासूची जुनी सुती लुगडी फाडून बाळुते केले. नवं कापड आधी आणत नाईत. वाकळ शिवून राह्यली, टाके वाकडेतिकडे. सातव्यात ओटी भरली तेव्हा अंगणात पाय ठेवायले जागा नव्हती. बाया गात होत्या, एकमेकींच्या खोड्या काढत होत्या. आता समोरच्या घरात एक बुधरी आजी, तिले कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नाई.

दुपारी दाराशी खोकल्याचा आवाज. पाहते तर बाज! नव्या दोरीनं घट्ट विणलेली. ठेवून निघून पण गेले भासरे. बरं केलं, असं म्हणायचं होतं मले. पण बकरी चरायले गेली होती.

९ मार्च
आज दिवसभर माझ्याशी कोणी बोललं नाई. कोणीच.

१५ मार्च
भीती वाटते. प्रवीणचा मुकादम सोडत नाई म्हणे. मी आत ओरडत राहीन आणि भासरे ओसरीवर बसून खोकत राहतील, हेच डोक्यात येते. सासूचा राग येते. आईचा पण. पोटातल्याशी बोलते मी आता. तो तरी लाथ मारते.

२३ मार्च, दवाखाना
मुलगी झाली. बरी आहे. मी पण.

परवा दुपारी अंगणात मोहफुलं पसरवत होती आणि पाणी गेलं. उठता येईना. ओरडली. बुधरी आजीले कुठी ऐकू येते? भासरे गोठ्यातून धावत आले आणि अंगणाच्या मधात थांबले. तसेच उभे. मी पदर पण घेतला नाई. म्हटलं, मरून राह्यली मी.

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, दोन्ही हाताले गुंडाळला. माझ्या अंगाले हात लागू नये म्हणून! तसंच उचललं. दोन पावलं गेले आणि दुपट्टा गळून पडला. थांबले नाईत. बंडीत तणस टाकून होतं, त्यावर निजवलं, बैल जुंपले. दवाखान्यापर्यंत एक शब्द नाई. बैलालेच ओरडत होते. धाप लागली होती त्यांना, मले ऐकू येत होतं.

नर्सबाई म्हणाली, "नवरा का?" ते बाहेर निघून गेले.

२७ मार्च
गाडीनं घरी सोडलं. घरात भासरे नाईत. ताट, घोंगडी, कपडे काहीच नाई. बुधरी आजी पाणी तापवायले आली, ती म्हणाली, "वावरात राह्यते आता पत्रू. सुनेले उचलून धरलं, निस्त्या आंघोळीनं काय होते, कोन्त्या तोंडानं घरात राहू म्हणते." पाळीवर जाऊन प्रवीणले फोनवर सांगितलं. "आई आली की पाहू." काय पाहू?

ज्या माणसानं लेकरू वाचवलं, तोच घराबाहेर. माझ्यापायी.

३० मार्च
बाळ रडते. मी पण. डबा पाठवला होता आजीच्या हाती. न उघडता परत आला.

२ एप्रिल
आज मीच वावरात गेली. बाळाले उराशी घेऊन. भासरे मांडवाखाली बसले होते, मले पाहून पाठ फिरवली. मी पदर पाडला नाई. म्हटलं, "दादा, घरी चला. तुम्ही नसते तर ही नसती." मग उठले. वळले. सरळ माझ्या तोंडाकडे पाह्यलं आणि म्हणाले, "एवढ्या उनात लेकराले आणतेत काय? अक्कल नाई तुले?"