पाच नंबरचे बूट

ताई,

बर्फाचा डोंगर चढायला आम्ही बूट भाड्याने घेत होतो. दुकानदाराने ह्यांना ओळखलं आणि माझ्यापुढे पाच नंबर ठेवला. "बाईंच्या डाव्या बुटात कापूस घातलाय. गेल्या वर्षीचं लक्षात आहे माझ्या."

मला तर ह्यांनी सांगितलं होतं, जन्मात पहिल्यांदाच बर्फ बघणार. हे खाली वाकून धाकटीच्या बुटाची नाडी बांधायला लागले. ती बांधलेलीच होती.

माझा नंबर सात. माझ्या पावलांना होड्या तूच म्हणायचीस. डावं पाऊल लहान असलेली पाच नंबरवाली आपल्या घरात एकच.

मी त्याच बुटांत पाय कोंबले आणि दोन्ही पोरांचे हात धरून चढले. अर्ध्या वाटेत थोरल्याने विचारलं, "आई, लंगडतेस का?"

म्हटलं, "मावशीचे बूट आहेत, बाळा. चावतात."

तुझी,
होडी