बाबांचा रकाना

सोमवार, १८ एप्रिल १९८३

टीव्हीवाल्यांची नोंदवही आली. जाड पाकीट, वर छापील अक्षरांत – श्री. क्लॅरन्स हेबलथ्वेट. बाबांना जाऊन आज नऊ आठवडे झाले. टीव्हीचं लायसन्स अजून त्यांच्याच नावावर आहे, म्हणून असेल. नाव बदलायचं काम माझ्याकडे होतं. राहिलं.

आत पत्र. तुमचं घर निवडलं गेलं आहे. बुधवार ते शनिवार आमच्या वाहिनीवर कोणी काय पाहिलं ते लिहा, दहापैकी गुण द्या. माणशी एक रकाना. पहिल्या रकान्यावर बाबांचं नाव आधीच छापलेलं!

मी म्हटलं, परत पाठवू, कळवू की ते वारले.

"खबरदार!" आई म्हणाली. "तीस वर्षं तुझे बाबा त्या खोक्याशी भांडले. आता कुठे त्यांना कोणी मत विचारलंय."

मंगळवार, १९ एप्रिल

सूचना चार वेळा वाचल्या. नियम २ – कार्यक्रम चालू असताना जो खोलीत असेल तो प्रेक्षक. नियम ५ – कोणी मध्येच उठून गेल्यास वेळ लिहावी.

बाबा खोलीतच आहेत. टीव्हीशेजारच्या कपाटावर, दहनगृहातून आलेल्या तपकिरी बरणीत. म्हणजे नियम २ मध्ये बसतात. प्रेक्षक जिवंत असावा असं कुठेही लिहिलेलं नाही. मला हे मुळीच आवडलेलं नाही. पण माझी शाळा पंधराव्या वर्षी सुटली, छापील गोष्टीशी वाद घालायची मला सवय नाही.

उद्याची रजा मागितली. मुकादम क्राउदर म्हणाले, "टीव्ही बघायला रजा? मग मला झोपायला पगार मिळायला हवा." दिली मात्र.

संध्याकाळी ग्लेनिसताईचा फोन. रविवारी येते आहे. बाबांना स्कारबराला नेऊन समुद्रात सोडायचं म्हणते. "किती दिवस त्यांना कपाटावर ठेवणार? आई त्या बरणीशी बोलते, लेस्ली. तुला ऐकू येत नाही का?"

येतं.

आई फोनवर "बरं" म्हणाली. मग तिने बरणी पुसली. बाबा पाण्याला भ्यायचे. दर उन्हाळ्यात स्कारबराच्या वाळूत बूट-मोजे घालून, समुद्राकडे पाठ करून बसायचे. हे ताईला आठवत नसेल असं नाही.

बुधवार, २० एप्रिल

सकाळी शाळेच्या मुलांसाठी अपूर्णांक. तीन अष्टमांश म्हणजे काय ते आज कळलं! मी – ९. आई – ४. बाबा – आई म्हणाली, "झोपले असते. दोन दे." झोपलेला माणूस प्रेक्षक आहे का? नियम नाही. दोन दिले.

मग पाऊण तास काहीच नाही. पडद्यावर नुसती रंगीत चौकटींची पाटी आणि मागे वाद्यांचा आवाज. हा कार्यक्रम धरायचा की नाही यावर माझी बारा मिनिटं गेली. "धर," आई म्हणाली. "त्यांना हे फार आवडायचं. कोणी बोलत नाही. आठ."

दुपारी बातम्या, हवामान. हवामानवाल्याला बाबांचे शून्य. "लिही, आणि वर लिही की खोटारडा आहे." त्याला रकाना नाही. समासात पेन्सिलीने लिहिलं.

घोड्यांच्या शर्यती. लहान मुलांची बाहुली – बोलणारं गाढव. वेल्सच्या कुठल्याशा गावातलं चर्चमधलं गाणं, सगळे पुरुष, सगळे जाडे. आई त्यात रडली. मी गुण विचारले तर म्हणाली, "आता नको विचारूस." नंतर स्वतःहून सात सांगितले.

संध्याकाळी प्रश्नमंजूषा. नदीचा प्रश्न आला की बाबा हमखास डॅन्यूब ओरडायचे, प्रश्न पुरता ऐकायचेसुद्धा नाहीत. आज नदीचा प्रश्न आला. आई बरणीकडे बघत म्हणाली, "डॅन्यूब."

बरोबर निघालं.

पुढचे दोन प्रश्न त्यामुळे हुकले. तसं नोंदवलं आहे.

मग बागकाम. यातल्या दाढीवाल्यावर बाबांचा भारी राग. "याने जन्मात कांदा लावला नसेल!" – हे दर आठवड्याला. बाबा प्रदर्शनासाठी कांदे वाढवायचे, एकेक लहान मुलाच्या डोक्याएवढा. चार वर्षं दुसरा नंबर. पहिला नेहमी त्या गोर्टन म्हाताऱ्याचा. या वर्षीचं बीही बाबांनी नाताळच्या दुसऱ्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, पेरलं होतं. रोपं स्वयंपाकघरात खिडकीत आहेत. मी रोज चमच्याने मोजून पाणी घालतो. बाहेर वाफ्यात कधी लावायची, आणि लावायची का, हे आईला विचारायचं धाडस झालेलं नाही.

दाढीवाला म्हणाला, कांद्याची रोपं बाहेर लावायची हीच वेळ. आणि वाफ्यात राख मिसळा. कांद्याला राख फार मानवते.

मी आईकडे पाहिलं नाही. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. आम्ही दोघांनी कपाटाकडे पाहिलं.

"बाबांचे किती?" मी विचारलं.

"दहा," आई म्हणाली.

गुरुवार, २१ एप्रिल

कामावर चित्त नव्हतं. बिस्किटांच्या डब्यांची एक रास उलटी रचली. बाबांचा वाफा पालिकेकडून भाड्याने घेतलेला; पालिकेच्या भाजीच्या वाफ्यांची नियमावली काढून वाचली. कोंबड्या, शेकोट्या, पत्र्याच्या शेड – सगळ्यांवर कलम आहे. यावर काही नाही.

आई बाबांचे बागेतले बूट घासत होती. ते तिला दोन नंबर मोठे होतात.

शुक्रवार, २२ एप्रिल

ताईचा फोन. रविवारी दहाची गाडी, जेवण डब्यात घेऊन येते. आईने "बरं" म्हटलं नाही. "बघू" म्हणाली.

शनिवार, २३ एप्रिल

चहाच्या आधी रग्बीचा सामना लागला. आपलीच टीम, आणि चक्क पुढे! आई उठली. बूट आधीच पायात होते, आत दोन जोड मोजे.

"रोपं तू घे," म्हणाली. "बाबांना मी घेते."

"आणि ताई?"

"ग्लेनिसला मी सांगेन. सप्टेंबरात तिला कांदे देऊ."

चोवीस रोपं, हातभर अंतराने. माझ्याकडे पट्टी होती. आई प्रत्येक खड्ड्यात एक मूठ घालत गेली, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. शेजारच्या वाफ्यातून गोर्टन म्हातारे बघत होते. काय घालताय, विचारलं. आई म्हणाली, "क्लॅरन्सचं खत."

त्यांनी टोपी काढली. मग म्हणाले, "हे नियमात बसतं का?"

घरी आल्यावर नोंदवही पुरी केली. शेवटची ओळ शाईने लिहिली, आधी पेन्सिलीने नाही :

श्री. क्लॅरन्स हेबलथ्वेट – ४ वाजून २० मिनिटांनी खोलीबाहेर गेले. सामना अर्धा राहिला. परत आले नाहीत.